निळ्या गाडीचा चहा

बाबा डोंगर चढून पलीकडे जायचे आणि आई डोंगराला वळसा घालून जायची. दर रविवारी दोघं पलीकडे भेटायची. कित्येक वर्षं त्यांच्या संसाराचा रविवार असाच होता आणि त्यात दोघांपैकी कोणालाच काही विशेष वाटत नसे.

बाबांना गाडी चालवता येत नव्हती. एकदा शिकायला गेले होते, पण शिकवणाऱ्याने तिसऱ्या दिवशीच हात जोडले. आईला चढ चढता येत नव्हता असं नाही, पण वर जाऊन जर परत खालीच यायचं असेल, तर खालीच बसून राहिलेलं काय वाईट, असं तिचं साधं म्हणणं होतं. तेव्हा सकाळी ती बाबांना अलीकडच्या पायथ्याशी सोडायची, निळी गाडी रस्त्याने फिरवून पलीकडे न्यायची आणि तिथल्या एका मोठ्या झाडाखाली घडीची खुर्ची टाकून थर्मास आणि पुस्तक घेऊन बसायची. दुपारच्या आत बाबा धुळीने माखून उतरायचे. चहा व्हायचा. मग घरी.

आईची तक्रार एवढी एकच असे. बाबांची वाट बघत शांतपणे वाचत बसावं, तर डोंगरावरून कोणी अनोळखी माणसं उतरायची आणि सरळ तिच्याकडे येऊन विचारायची, ‘चहा मिळेल का?’ एकदा नाही, दोनदा नाही, हल्ली तर येता-जाता. आता समोर आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? ती द्यायची. वर पैसे देऊ करायचे ते वेगळंच. माझ्या कपाळावर लिहिलंय का, असं ती घरी येऊन विचारायची, आणि बाबा चष्मा पुसत म्हणायचे, लिहिलेलं असेल, मला जवळचं कुठे दिसतं.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. त्या दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या, एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची सैल दांडी घट्ट करताना ते गेले. दांडी मात्र पक्की बसली होती, असं त्या गिऱ्हाइकाने नंतर भेटायला आल्यावर सांगितलं. सांगावं की नाही अशा बेताने सांगितलं, पण आईला ते ऐकून बरं वाटलं.

त्यानंतर गाडी जागची हलली नाही. इमारतीच्या तळाला भिंतीकडे तोंड करून ती उभी होती. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना त्यांच्या मुलीसाठी एक गाडी हवी होती. त्यांनी अदबीने विचारलं, आणि आईने फारसा विचार न करता हो म्हणून टाकलं. सोमवारी ते किल्ली न्यायला येणार होते.

लेकीला हे आल्यावर कळलं. ती दुसऱ्या शहरात शाळेची पाठ्यपुस्तकं तपासायचं काम करत असे. छापायला जाण्यापूर्वी त्यातल्या चुका काढायच्या, शंका येईल ते काढून टाकायचं. घरात तिला तपासनीसच म्हणत. लहानपणी बाबांच्या दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्यातही तिने चूक काढली होती आणि ती खरी निघाली होती. आता पंधरवड्याची रजा काढून ती आईजवळ राहायला आली होती, आणि येताच तिच्या नजरेला जे पडलं ते कुठल्या पुस्तकात दुरुस्त करता येण्यासारखं नव्हतं. आई स्वयंपाक करत होती, जेवत होती, फोनवर मावशीशी बोलत होती, पण दाराबाहेर म्हणून पाऊल टाकत नव्हती. भाजीसुद्धा घरपोच. गाडी गेली की आईचा रविवार गेला, आणि रविवार गेला की बाकीचे सहा वारही घरातच निजून राहणार, हे लेकीला स्पष्ट दिसत होतं.

“विकू नकोस ना,” ती एकदा म्हणाली.

“ठेवून काय करू?” आई कणीक मळता मळता म्हणाली. “कोणाला सोडायला जाऊ, आणि कोणाला आणायला?”

दोन दिवस लेकीने याचं उत्तर शोधलं. मग बाबांच्या कपाटाच्या खालच्या खणातून मुकादम बाहेर काढला.

मुकादम म्हणजे बाबांचं वाट दाखवणारं यंत्र. मुठीत मावेल एवढं, जाड, पिवळं, कडांचा रंग उडालेलं. फोनसारखं बोलत नाही म्हणून मुका, आणि तरी हुकूम सोडायचा थांबत नाही म्हणून मुकादम, असं त्याचं बारसं बाबांनीच केलेलं. डोंगरात फोन लागत नाही, आणि लागला तरी त्यातली ती बाई आईला खपत नसे. माझ्या गाडीत बसून मला वळ म्हणणारी ही कोण, असं ती विचारायची.

पण खणात पडून पडून बॅटऱ्या पाझरल्या होत्या. लेकीने आतली हिरवट खरपुडी कापसाने पुसली, नव्या घातल्या, तर यंत्र कसंबसं सुरू झालं, पण नकाशाचं कार्ड काही केल्या वाचेना. पडद्यावर एक बाण आणि भोवती पांढरं. बाबा इतकी वर्षं ज्या वाटांनी चालले त्यातली एकही नाही. तिने कार्ड काढून परत घातलं, परत काढलं, परत घातलं, आणि शेवटी ते एका पाकिटात ठेवून दिलं. टाकून देववेना.

संध्याकाळी तिने आईला सांगितलं की रविवारी तिला डोंगर चढायचाय, आईने तिला सोडायचं आणि पलीकडून आणायचं. गाडी द्यायच्या आधी, एकदाच. आईने तिच्याकडे आपादमस्तक पाहिलं. ही तीच मुलगी, जी दहाव्या वर्षी अर्ध्या डोंगरात बसकण मारून ‘मला इथेच राहू दे’ म्हणून रडली होती.

“तुला वाट कोण दाखवणार?”

“मुकादम.”

“तो तर बिघडलाय म्हणालीस.”

“त्याला नकाशे नवे घालते. उद्याच.”

आई नाही म्हणाली नाही, आणि या घरात तेवढं पुरे होतं.

बूट, तंबू, दोर असल्या वस्तूंचं एक दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. मालकाला बाबा दोरवाला म्हणत, आणि दोरवाल्याला ते ठाऊक होतं. त्याने मुकादमाला पाहताच ओळखलं, दोन्ही हातांत घेतलं आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं. मग जे बोलायचं ते न बोलता तो थेट धंद्यावर आला. लेकीला त्याचे आभार मानावेसे वाटले.

कुठे जायचंय, त्याने विचारलं. डोंगरावर. चालत की गाडीने? मी चालत, आई गाडीने. यंत्र किती? एकच.

“म्हणजे घराणं तेच,” दोरवाला म्हणाला आणि त्याने स्टूल पुढे सरकवलं.

नकाशे तीन तऱ्हेचे होते. पहिला रस्त्यांचा, विकतचा. त्यात यंत्र स्वतःच हिशोब करून कुठे वळायचं ते दाखवतं. दुसरा डोंगरांचा, तोही विकतचा, सरकारी मोजणीवरून केलेला, उंचीच्या रेघा केसासारख्या बारीक आणि नेटक्या. तिसरा फुकटचा. तो कोणा एकाने केलेला नव्हता. चालणारी माणसं आपापल्या चाललेल्या वाटा त्यात भरत, एकमेकांच्या चुका सुधारत, आणि तो कधी पुरा होतच नसे. मुकादमाची स्मरणशक्ती म्हाताऱ्याची. तिघांना जागा नाही, दोघांचीच.

लेकीने एका दमात सांगितलं की रस्त्यांचा द्या, अख्ख्या देशाचा, आणि डोंगराचा सरकारी.

“अख्खा देश कशाला? आई अख्ख्या देशातून वळसा घालून येणार आहे?”

मग रस्त्यांचा आपल्या भागापुरता घ्यायचं ठरलं. पण दुसऱ्यावर गाडी अडली. तिसरा नकाशा लेकीच्या पचनी पडेना. कोणीही यावं आणि काहीही काढावं, वर तपासणारा कोणी नाही, तो नकाशा की गावगप्पा? तिने भूगोलाच्या पुस्तकातले नकाशे तपासले होते. नदीची निळी रेघ जाड झाली म्हणून पान परत पाठवलं होतं. दोरवाल्याने वाद घातला नाही. नकाशा बुटासारखा असतो, दुसऱ्याचा आपल्याला चावतो, एवढं म्हणून त्याने आपल्या संगणकावर तोच डोंगर दोन्ही नकाशांत शेजारी शेजारी उघडला.

सरकारी नकाशात डोंगर देखणा होता. रेघ रेघेला शिवत नव्हती. पण त्यावर वाट नव्हती. फुकटच्या नकाशात डोंगर जरा ओबडधोबड होता आणि त्यावरून एक वाकडीतिकडी वाट वर गेली होती. कडेला बारीक अक्षरांत काय काय लिहिलेलं. ‘निसरडं’. ‘झरा, उन्हाळ्यात नाही’. एका वळणावर ‘इथे कुत्रा भुंकतो, चावत नाही’.

“हा कुत्रा तुमच्या बाबांनी भरलाय,” दोरवाला म्हणाला. “आणि वाटही बरीचशी त्यांचीच. चालून आले की सोमवारी इथे यायचे, याच स्टुलावर बसून भरायचे. वाट सरळ काढू देत नसत. म्हणायचे, मी जिथे दम खाल्ला तिथे वळण हवंच.”

लेक बराच वेळ त्या कुत्र्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, हाच द्या.

डोंगराची पलीकडची बाजू बघायची राहिली. तेवढ्यात कोणी गिऱ्हाईक बूट मागत आलं. दोरवाल्याने नखाएवढं कार्ड मुकादमात बसवलं आणि जाता जाता एक गोष्ट दोनदा बजावली. दोन्ही नकाशे एका वेळी चालू ठेवायचे नाहीत. गाडीत बसलात की रस्त्यांचा, उतरलात की तो बंद करून पायवाटांचा. दोन्ही चालू राहिले तर रस्त्यांचा वर बसतो आणि खालचा झाकून टाकतो. एका चादरीवर दुसरी टाकली की खालची नक्षी कुठे दिसते? लेकीने मान डोलावली. ज्याला दुसऱ्याच्या चुका काढायची सवय असते तो मान फार लवकर डोलावतो.

रविवारी सकाळी आईने गाडीवरचं आवरण काढलं. बॅटरी उतरली असेल, निघायचं रद्द होईल, अशी थोडी आशा तिच्या तोंडावर होती. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. बाबांनी पूर्वी ठेवायला दिलेल्या जादा किल्लीने डॉक्टरच ती अधूनमधून सुरू करून ठेवत होते, हे नंतर कळलं.

लेक आईशेजारच्या सीटवर बसली. बाबांच्या लांब पायांसाठी ती सीट पार मागे सरकवलेली होती. लेकीचे पाय अधांतरी राहिले, पण तिने सीट पुढे घेतली नाही. मुकादमाला समोरच्या काचेपाशी त्याच्या जुन्या खाचेत बसवलं आणि आईने गाडी मागे घेतली. भिंतीपासून ती सुटली तेव्हा आईने एक लांब श्वास सोडला, जणू इतके दिवस तीच भिंतीकडे तोंड करून उभी होती.

गावाबाहेर मधल्या काळात नवा चौक झाला होता. जुन्या एका रस्त्याच्या जागी आता पाच रस्ते एका गोल बागेभोवती फिरत होते. आई गोंधळली. मुकादमाने टिटिट केलं. लेक बाण बघून म्हणाली, डावीकडे. आईने उजवीकडे घेतलं. गोल फिरून परत तिथेच आल्यावर लेक पुन्हा म्हणाली, डावीकडे, आई, डावीकडे. आई पुन्हा उजवीकडे. मागून एका ट्रकवाल्याने हॉर्नवर जी मूठ ठेवली ती उचललीच नाही.

तिसऱ्या फेरीला लेकीला आठवलं. आईला डावं-उजवं कधीच चटकन कळत नसे, त्यासाठी तिला आधी जेवायचा हात आठवावा लागे, आणि चालत्या गाडीत तेवढा वेळ नसतो. म्हणून बाबा डावं-उजवं म्हणतच नसत. ते म्हणत, तुझ्या बाजूला, नाहीतर, माझ्या बाजूला.

“माझ्या बाजूला,” लेक म्हणाली.

गाडी अलगद वळली. पुढच्या फाट्यावर आईनेच विचारलं, “आता कोणाच्या?” आणि लेक म्हणाली, “तुझ्या.” तिथून पायथ्यापर्यंत कुठे चुकलं नाही.

पायथ्याशी आईने गाडीतूनच तपासणी घेतली. पाणी? आहे. शिट्टी? आहे. मुकादम? आहे. ही तपासणी दर रविवारी व्हायची आणि बाबा शाळकरी पोरासारखे हजेरी द्यायचे. मग आईने काच अर्धी वर घेतली आणि पुढचं वाक्य आपोआपच तिच्या तोंडून गेलं.

“पलीकडे भेटू.”

गाडी निघून गेली. लेक ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. आता आईजवळ यंत्र नव्हतं, सोबत नव्हती, आणि पुढचा रस्ता तिचा तिने जायचा होता. ती पलीकडे जाईल, की नव्या चौकातून सरळ घरी वळेल, आणि संध्याकाळी ‘मला नाही जमलं गं’ म्हणेल? डोंगर चढायचा कार्यक्रम आखताना लेकीने फक्त स्वतःच्या पायांचा विचार केला होता.

पहिला चढ बरा गेला. मग एक कातळ लागला आणि त्याच्या दोन्ही अंगांनी दोन वाटा फुटल्या. तिने मुकादम काढला. पडद्यावर बाण होता आणि भोवती पांढरं. डोंगर नाही, वाट नाही, झरा नाही. पार खाली एका कोपऱ्यात मोटाररस्ता होता आणि मुकादम ठामपणे सांगत होता की मागे फिरा, रस्त्याला लागा आणि वळसा घालून जा. ती कातळाच्या या अंगाला गेली, त्या अंगाला गेली. मुकादम हट्टाला पेटलेला. मागे फिरा. चुकीचं कार्ड दिलं असेल. दोरवाल्याने फसवलं असेल. फुकटच्या नकाशावर भरवसा ठेवला तो आपणच मूर्ख. एवढं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. ती कातळावर बसली. दहाव्या वर्षी बसली होती तीच ही जागा असावी, असंही वाटून गेलं. तेव्हा बाबा तिच्या शेजारी बसून राहिले होते, ऊठ म्हणाले नव्हते. थोड्या वेळाने तीच कंटाळून उठली होती.

पाणी पिता पिता तिला चादर आठवली.

एकावर एक दोन. गाडीतून उतरताना तिने पायवाटांचा नकाशा चालू केला होता, पण रस्त्यांचा बंद करायचा राहिला होता. दुसऱ्याच्या पुस्तकात असती तर ही चूक तिने लाल शाईने गोल करून परत पाठवली असती. तिने बटणं दाबत यादी शोधली, रस्त्यांचा नकाशा बंद केला, आणि त्या पांढऱ्यातून सगळा डोंगर वर आला. उंचीच्या रेघा, झरा, कातळ, आणि कातळाच्या डाव्या अंगाने जाणारी ती वाकडीतिकडी वाट. जिथे ती बसली होती, तिथे एक वळण होतं. विनाकारण घेतलेलं, छोटंसं वळण. कोणीतरी इथे दम खाल्लेला.

त्यानंतर ती वळण न वळण त्या वाटेने चालली. झरा कोरडा होता, म्हणजे नकाशा बरोबर होता. निसरडं होतं तिथे ती घसरली, तेही बरोबर. पुढे एका एकाकी घराच्या कुंपणामागून एक म्हातारा कुत्रा उठला, तिला पाहून कर्तव्य म्हणून भुंकला आणि परत झोपला. चावला नाही. अशा तऱ्हेने तपासल्याच्या आनंदात तिला दम लागायचं भानच राहिलं नाही.

माथ्यावरून पलीकडचा रस्ता दिसला आणि तो आनंद ओसरला. रस्ता रिकामा होता. ते मोठं झाड होतं, पण त्याच्या या बाजूला गाडी नव्हती आणि पलीकडची बाजू फांद्यांत दडलेली. तिने मुकादमात पाहिलं. झाडाच्या जागी नकाशात एका कपाचं चित्र होतं. म्हणजे तिथे आता टपरी झालेली दिसते, तिला वाटलं. बरं झालं. आई नसली तर निदान चहा मिळेल, टपरीवाल्याला परतीची सोय विचारता येईल. असं ती स्वतःला समजावत होती आणि पाय मात्र उतारावर नको इतके भराभर पडत होते.

झाडाखाली टपरी नव्हती. फांद्यांच्या पलीकडे निळी गाडी होती. घडीच्या खुर्चीवर एक अनोळखी बाई ऐसपैस बसली होती, दुसरी एका दगडावर, दोघींच्या हातांत कप होते, आणि आई गाडीच्या उघड्या दारात बसून थर्मास तिरका करून तळाशी किती उरलाय ते बघत होती.

“आलीस?” आई म्हणाली. “अर्धा कप आहे. या दोघींनी तुझा संपवला.”

दोघी परिचारिका होत्या, रात्रपाळ्यांनंतरची सुट्टी डोंगरात घालवणाऱ्या. एक उंच, एक ठेंगणी. दोघींना चहा फार आवडला होता आणि पैसे घ्या म्हणून त्या मघापासून आईच्या मागे लागल्या होत्या. आईने लेकीला साक्षीला धरलं. बघ, आज इतक्या महिन्यांनी आले, खुर्ची मांडते न मांडते तोच या दोघी हजर, आणि चहा मिळेल का. माझ्या कपाळावर लिहिलंय का, सांग.

“कपाळावर नाही,” उंच परिचारिका म्हणाली. “नकाशात आहे.”

तिने आपला फोन पुढे केला. घरून निघतानाच तिने तो नकाशा त्यात उतरवून घेतला होता. तोच फुकटचा नकाशा, तोच कप, पण मुकादमाच्या म्हाताऱ्या पडद्यावर न दिसणारी अक्षरंही त्यात होती. तिने बोट टेकवलं आणि वाचून दाखवलं, ‘निळ्या गाडीचा चहा’.

आईने वळून गाडीकडे पाहिलं, गाडी निळी आहे की नाही याची खात्री करावी तसं. मग फोनकडे. मग लेकीकडे.

“म्हणजे एवढी वर्षं हा माणूस…” ती थांबली. कानापर्यंत लाल झाली होती. “आणि वर मला म्हणायचा, जवळचं दिसत नाही. भेटू दे मला. भेटू दे, मग बघते.”

तिच्या तोंडून गेलं ते सगळ्यांनी ऐकलं. परिचारिकांना काही ठाऊक नव्हतं, त्या हसत होत्या. लेक आईकडे बघत होती. आईने हातातल्या थर्मासकडे पाहिलं, उरलेला चहा अगदी शेवटच्या थेंबापर्यंत कपात ओतला आणि कप लेकीला दिला.

“घे. गार होईल,” ती म्हणाली आणि हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, पदराने डोळे टिपत, ती बराच वेळ हसत होती. त्यातलं किती हसू होतं हे लेकीने तपासलं नाही.

परतीची बस पार पुढच्या वळणावर मिळते असं परिचारिकांनी सांगितल्यावर आईने त्यांना मागच्या सीटवर बसायला फर्मावलं आणि गावात त्यांच्या दारापर्यंत सोडलं. वाटेत नवा चौक आला. मुकादम लेकीच्या पिशवीत होता आणि कोणी काही सांगितलं नाही. आईने स्वतःशीच पुटपुटत एक बाजू धरली आणि ती बरोबर निघाली. उतरताना ठेंगणीने विचारलं, पुढच्या रविवारी असाल का? आई म्हणाली, बघू. मग गाडी चालू करताना म्हणाली, त्या थर्मासात चौघींचं होत नाही.

संध्याकाळी लेकीने घरच्या संगणकावर तो नकाशा उघडला. कपाच्या खुणेखाली कोणा जागरूक माणसाने मध्यंतरी शेरा मारून ठेवला होता. ‘येथे चहाचे दुकान आढळले नाही. खूण काढावी का?’ शेरा बाबा गेल्यानंतरचा होता. साहजिकच कोणी उत्तर दिलं नव्हतं. लेकीला तो शेरा मारणारा ओळखीचा वाटला. तिच्याच जातकुळीतला. त्याच्या जागी ती असती तर एव्हाना काढूनही टाकली असती.

आई मागे येऊन उभी राहिली. तिने शेरा वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला.

“काढू का गं?” लेकीने विचारलं.

“का? आज होते की मी तिथे.” आईला तो आरोपच वाटला होता. “उत्तर लिही त्याला. दुकान नाही म्हणावं, पण चहा असतो. फक्त रविवारी.”

लेकीने लिहिलं. वेळेचा रकाना होता. आई म्हणाली, थर्मास संपेपर्यंत. लेकीने तेही लिहिलं. तिच्या नोकरीत असलं उत्तर कोणी चालवून घेतलं नसतं. तिने ते दोनदा वाचलं आणि त्यात तिला एकही चूक सापडली नाही.

सोमवारी सकाळी डॉक्टर किल्ली न्यायला वर आले. आईने त्यांना बसवलं, चहा दिला आणि फार अडचणीत पडल्यासारखा चेहरा करून सांगितलं की बाकी सगळे दिवस तुमच्या मुलीने खुशाल न्यावी, शिकावी, चालवावी, पण रविवारी ती गाडी लागते. डॉक्टरांनी समजुतीने मान हलवली. कुठे जायचं असतं का रविवारी, त्यांनी विचारलं.

“लोक येतात,” आई म्हणाली आणि माळ्यावरचा मोठा थर्मास काढायला लेकीला हाक मारली.